ग्रंथपालाचा विषाद

ज्याच्यापाशी देण्याजोगे काही आहे, परंतु ते घेण्यास कोणी हात पुढे करीत नाही, अशा मनुष्याने काय करावे? अन्नसत्र उघडून बसलेल्याला हा प्रश्न पडत नाही. कारण भूक मनुष्याला आपण होऊन दाराशी आणते. विद्येची गोष्ट निराळी आहे. तिची भूक लागावी लागते, आणि पुष्कळदा ती न लागलेल्यालाच तिची अधिक गरज असते. म्हणून विद्या देणाऱ्याच्या वाट्याला जो विषाद येतो, त्याचा विचार धर्मदृष्टीने करणे अवश्य आहे.

बंगळूरसारख्या नगरातील एखाद्या विद्यालयाचा ग्रंथपाल डोळ्यांपुढे आणावा. संगणकविद्येसाठी जगभर नाव मिळविलेले हे शहर. येथील पालक मुलांच्या शिक्षणासाठी पदरमोड करण्यास मागेपुढे पाहत नाहीत. शाळेची इमारत भव्य, प्रयोगशाळा सुसज्ज, आणि मजल्याच्या टोकाशी ग्रंथालयाची खोली. आठवड्याच्या वेळापत्रकात प्रत्येक वर्गाला वाचनाचा एक तास नेमलेला असतो. पण परीक्षा जवळ आली की तो तास प्रथम गणिताला जातो, मग विज्ञानाला. आणि परीक्षा तर सदैव जवळच आलेली असते. विद्यार्थी येतात ते बहुधा प्रकल्पाच्या वहीत चिकटविण्यासाठी चित्र हवे म्हणून. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरील तारखेची चिठ्ठी पाहावी, तर कित्येक चांगल्या पुस्तकांवर अखेरचा शिक्का अनेक वर्षांपूर्वीचा. एखादे मूल गोष्टींचे पुस्तक आवडीने घरी नेते आणि दुसऱ्याच दिवशी परत आणते. कारण घरी प्रश्न झालेला असतो, ‘याने गुण वाढणार आहेत काय?’ शेवटी एक दिवस सूचना येते की जागा अपुरी पडते, तरी जुनी पुस्तके निकालात काढावीत.

असा ग्रंथपाल प्रथम दुःखी होतो, मग रागावतो. मुले उथळ आहेत, पालक धनलोभी आहेत, शिक्षण हा बाजार झाला आहे, युगच बिघडले आहे, असे त्याला वाटू लागते. यातील प्रत्येक वाक्याला काही आधारही असतो. मग एखादे पुस्तक हरवते, त्याची भरपाई त्याच्या माथी येते, आणि तो कपाटांना कुलपे लावतो. एखादा मुलगा भीतभीत काही विचारावयास आला, तर ‘तुला काय करावयाचे आहे ते?’ असे उत्तर त्याच्या तोंडून निघून जाते. येथे खरा धोका आहे. मुलांनी ग्रंथांकडे पाठ फिरविली ही हानी खरीच. परंतु ग्रंथ सांभाळणाऱ्यानेच मुलांकडे पाठ फिरविली, तर त्या हानीला उपाय उरत नाही.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. पूर्वीच्या काळी सर्व विद्यार्थी वाचनात रमत होते आणि आताच हा ऱ्हास ओढवला, असे मानण्याची सवय सर्वत्र आहे. वस्तुस्थिती तशी नाही. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५२-५३ मध्ये देशातील शाळांची पाहणी केली, तेव्हा बहुसंख्य शाळांतून ग्रंथालय म्हणण्याजोगे काही नाही, पुस्तके जुनी व मुलांच्या आवडीचा विचार न करता घेतलेली आहेत, आणि त्यांची देखरेख एखाद्या कारकुनाकडे अथवा अनास्था असलेल्या शिक्षकाकडे सोपविलेली आहे, अशा आशयाचा अभिप्राय त्याने दिला होता. त्या काळी घरोघरी दूरचित्रवाणी नव्हती, भ्रमणध्वनी नव्हता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वृत्तपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे ठरविले. कायद्याने खोली उभी राहते, कपाटे येतात. वाचण्याची इच्छा मात्र कायद्याने उत्पन्न होत नाही. तात्पर्य, रोग आजचा नाही; आज त्याची लक्षणे तेवढी बदलली आहेत. युगाला दोष देणारा मनुष्य नकळत स्वतःच्या कर्तव्याला रजा देत असतो.

आता गीतेकडे वळावे. गीतेचा आरंभच विषादात आहे, आणि परंपरेने त्या पहिल्या अध्यायाला ‘योग’ हे नाव दिले आहे. विषाद हाही योग होऊ शकतो, हे केवढे आश्वासन! परंतु त्याच गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्त्याचे तीन प्रकार सांगताना भगवंतांनी तामस कर्त्याच्या लक्षणांत ‘विषादी’ हा शब्द घातला आहे, आणि त्याच्याच शेजारी दीर्घसूत्रीपणा, म्हणजे आजचे काम उद्यावर लोटणे, हे लक्षण ठेविले आहे. मग अर्जुनाचा विषाद योग का, आणि या कर्त्याचा विषाद तमोगुण का?

उत्तर दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी सापडते. अर्जुन प्रथम आपले म्हणणे पुष्कळ युक्तिवादाने मांडतो. कुलक्षयाचे, वर्णसंकराचे दोष सांगतो, धनुष्य टाकून बसतो. तोपर्यंत त्याचा विषाद हा केवळ विषादच आहे. ज्या क्षणी तो म्हणतो की माझी बुद्धी गोंधळली आहे, मी शिष्य आहे, मला मार्ग दाखवा, त्या क्षणी त्या विषादाचा योग होतो. दोष सांगणारा विषाद मनुष्याला जागच्या जागी बसवितो. प्रश्न विचारणारा विषाद त्याला उठवितो. ग्रंथपालाच्या दुःखाची कसोटी हीच आहे. ‘ही मुले अशी का?’ या वाक्याच्या शेवटी तो हताश होऊन थांबतो, की खरोखरच उत्तर शोधू लागतो?

हा भेद केवळ शास्त्रातला नाही. ज्या बंगळूर नगराचा उल्लेख वर आला, तेथेच भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी आपल्या आयुष्याची अखेरची पंधरा वर्षे व्यतीत केली. त्यांचा जन्म १८९२ चा. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात ते गणित शिकवीत. १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली. विद्यार्थ्यांच्या सहवासात रमणाऱ्या त्या अध्यापकाला ग्रंथालयातील निःशब्द एकांत असह्य झाला. थोड्याच दिवसांत ते महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे गेले आणि मला पुन्हा शिकविण्याच्या कामावर घ्या, अशी विनंती करू लागले. पुढे ज्यांच्या जन्मदिवशी, १२ ऑगस्टला, देशभर ग्रंथपालदिन साजरा होऊ लागला, ते ग्रंथपाल होण्यास कंटाळले होते, ही गोष्ट प्रत्येक निराश ग्रंथपालाने ध्यानात ठेवावी.

प्राचार्यांनी त्यांना असे सुचविले की प्रथम इंग्लंडात जाऊन हे शास्त्र शिकून यावे आणि मगही मन रमले नाही तर परतावे. रंगनाथन लंडनला गेले. तेथे त्यांनी अनेक ग्रंथालये पाहिली. मजूर, गृहिणी, लहान मुले तेथे येऊन पुस्तके नेतात, आणि ग्रंथपाल त्यांची वाट पाहत बसण्याऐवजी त्यांच्यासाठी खटपट करतो, हे त्यांच्या दृष्टीस पडले. १९२५ मध्ये ते परतले ते निराळे होऊनच. पुढील सुमारे वीस वर्षे त्यांनी मद्रास विद्यापीठाचे ग्रंथालय वाढविले. बनारस हिंदू विद्यापीठात गेल्यावर एक लक्षाच्या घरातील ग्रंथांचे वर्गीकरण व सूचीकरण जवळजवळ एकहाती केले. आयुष्यभराच्या बचतीतून एक लक्ष रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला दिले आणि ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन उभे राहिले; त्याला नाव लाभले ते त्यांचे नव्हे, तर पत्नी शारदा यांचे. १९५७ मध्ये ते बंगळूरला स्थायिक झाले. १९६२ मध्ये तेथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र त्यांनी सुरू केले. आणि १९७२ मध्ये तेथेच त्यांचे देहावसान झाले. ज्या कामातून सुटका मागितली होती, त्याच कामात त्यांना स्वधर्म सापडला. काम बदलले नव्हते. पाहणाऱ्याची दृष्टी बदलली होती.

या दृष्टीचे सार त्यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रांत मांडले. ग्रंथ हा वापरासाठी आहे. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. आणि ग्रंथालय ही वाढणारी सजीव वस्तू आहे, असा त्यांचा आशय. पहिले सूत्र वरवर इतके साधे वाटते की ते सांगावयास हवे काय, असा प्रश्न पडावा. परंतु मध्ययुगात युरोपातील ग्रंथालयांतून पुस्तके लोखंडी साखळीने फळीला जखडून ठेवीत. इंग्लंडात हेरफर्डच्या प्रार्थनामंदिरात तसे ग्रंथालय अद्याप जपलेले आहे. कुलूपबंद काचेचे कपाट ही त्या साखळीचीच सुधारलेली आवृत्ती नव्हे काय? केंद्र शासनाच्या वित्तीय नियमांतही, वापरात आलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच पुस्तके गहाळ झाली तर ती हानी स्वाभाविक समजावी, मात्र तीत अप्रामाणिकपणा अथवा निष्काळजीपणा नसावा, अशी तरतूद आहे. हिशेबाच्या रुक्ष नियमालाही कळले आहे की जो ग्रंथ हातोहात फिरेल, तो कधी फाटेल, कधी हरवेल. न हरवणारा ग्रंथ हा पुष्कळदा न उघडलेला ग्रंथ असतो.

येथे एक शंका उत्पन्न होते, आणि ती गंभीर आहे. प्रत्येक ग्रंथाला वाचक शोधून द्यावा असे रंगनाथन म्हणतात. परंतु गीतेच्या अखेरीस भगवंत स्वतः बजावतात की जो तपोहीन आहे, भक्तिहीन आहे, ज्याला ऐकण्याची इच्छा नाही आणि जो निंदा करतो, त्याला हे ज्ञान सांगू नये. मग ग्रंथपालाने अनिच्छुक मुलांच्या मागे का लागावे? इच्छा नसलेल्यांना सोडून देऊन कुलूप लावणे हेच शास्त्रसंमत नव्हे काय?

या शंकेचे समाधान त्या श्लोकातल्याच एका शब्दात आहे. ऐकण्याची इच्छा, याला तेथे ‘शुश्रूषा’ या शब्दाच्या मुळाशी असलेला धातू योजिला आहे. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. परंतु हाच शब्द सेवा या अर्थानेही रूढ झाला, आणि मराठीत तर आजाऱ्याच्या उशाशी बसून केलेल्या सेवेलाच शुश्रूषा म्हणतात. पूर्वी शिष्य गुरूची सेवा करीत राही, आणि त्या सेवेतून त्याचे मन ऐकण्यास योग्य होई, म्हणून हे दोन अर्थ एका शब्दात नांदू लागले असावेत. आज काळ पालटला आहे. आज ज्याच्यापाशी विद्या आहे त्यानेच प्रथम शुश्रूषा करावयाची आहे; त्या सेवेतून घेणाऱ्याच्या ठिकाणी दुसरी शुश्रूषा, म्हणजे श्रवणेच्छा, जागी होईल. आजाऱ्याला अन्नावर वासना नसते. म्हणून कोणी त्याला उपाशी टाकीत नाही, आणि त्याच्या घशात पक्वान्नही कोंबीत नाही. पेज करून, चमच्याने, तो घेईल तेवढीच देतात. भगवंतांचा निषेध इच्छा नसलेल्यावर ज्ञान लादण्याला आहे. त्याच्या ठिकाणी इच्छा उत्पन्न करण्याला नाही. रणांगणावर अर्जुन ‘सांगा’ म्हणेपर्यंत श्रीकृष्णांनी उपदेशाला आरंभ केला नाही. परंतु तोपर्यंत त्याचा रथ हाकण्याची सेवा ते करीतच होते.

याच अध्यायात आणखी दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. सर्व ज्ञान सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. साक्षात् जगद्गुरूंनी शिष्याला स्वातंत्र्य दिले, तेथे शाळेने पुस्तक हे शिक्षेचे अथवा गुणांचे साधन करावे, हे योग्य कसे होईल? दुसरी गोष्ट अशी की शेवटी ते विचारतात, तू हे एकाग्र मनाने ऐकलेस ना? म्हणजे स्वातंत्र्य दिले म्हणून आस्था सोडली नाही. सक्ती नको, पण उपेक्षाही नको. या दोहोंमधली वाट ती विद्यादानाची वाट.

फळाविषयीही बोलले पाहिजे, कारण ग्रंथपालाचा विषाद शेवटी फळाशीच बांधलेला असतो. बंगळूरचाच इतिहास येथे उपयोगी पडेल. सतराव्या शतकात हे नगर शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत होते, आणि त्यांच्या दरबारी जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ रचला. त्याला आधुनिक काळातला वाचक मिळाला तो इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या रूपाने. त्यांनी १९२२ मध्ये विस्तृत प्रस्तावना जोडून तो प्रसिद्ध केला. मधल्या अडीचशेहून अधिक वर्षांत ज्या हातांनी ती पोथी वाळवीपासून व पावसापासून वाचविली, त्या हातांची नावे कोणास ठाऊक नाहीत. त्यांना राजवाडे कधी भेटले नाहीत. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा ज्ञानदेवांच्या समाधीस पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली होती. मधल्या पिढ्यांनी त्या प्रती जपल्या नसत्या तर नाथांनी शुद्ध काय केले असते? ग्रंथ सांभाळणाऱ्याचे कर्म असे दीर्घ सूत्राने फळाशी जोडलेले असते. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हे वचन त्याच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे. कारण पुष्कळदा फळ पाहण्यास तो हयातच नसतो.

परीक्षा हेच विद्येचे माप नव्हे, याचीही साक्ष हेच नगर देते. कन्नड साहित्यातील थोर तत्त्वचिंतक डी. व्ही. गुंडप्पा मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. पण वाचन सुटले नाही. नामदार गोखले यांच्यावरील निष्ठेने त्यांनी १९४५ मध्ये बंगळूरला गोखले सार्वजनिक विचारसंस्था स्थापन केली. तेथे ग्रंथालय उभे केले, तरुणांसह अभ्यासमंडळ चालविले. गीतेवरील त्यांच्या व्याख्यानांतून जो ‘जीवनधर्मयोग’ ग्रंथ सिद्ध झाला, त्याला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. १९७० मध्ये लोकांनी त्यांचा सत्कार करून एक लक्ष रुपयांची थैली अर्पण केली, ती त्यांनी त्या संस्थेलाच देऊन टाकली. शाळेच्या मापाने जो अनुत्तीर्ण, त्याच्या हाताखाली पदवीधर गीता शिकले. आज गुणपत्रिकेत मागे पडलेला एखादा मुलगा ग्रंथालयाच्या दाराशी घुटमळत असेल, तर ग्रंथपालाने त्याला कोणत्या दृष्टीने पाहावे, हे यावरून समजावे.

आधुनिक साधनांविषयी मात्र विवेक हवा. भ्रमणध्वनी हा अधर्म नव्हे. त्याच्या पडद्यावर ज्ञानेश्वरीही वाचता येते. गीतेने सुखाचे जे भेद सांगितले आहेत, ते येथे लावून पाहावेत. आरंभी कडू वाटणारे, अभ्यासाने गोडी देणारे आणि परिणामी अमृतासारखे, ते सात्त्विक सुख. आरंभी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे, ते राजस. क्षणाक्षणाला नवे चित्र दाखविणाऱ्या पडद्याचे सुख पहिल्या घोटाला गोड असते. ग्रंथाची पहिली वीस पाने जड जातात. तो जडपणा ओलांडून देण्यास कोणीतरी सोबती लागतो; त्या सोबत्याचेच नाव ग्रंथपाल. माहिती यंत्राकडून मिळते. परंतु ‘या वयात, या मनःस्थितीत, तू हे वाच’ असे त्या एका मुलाला ओळखून, त्याचे सुखदुःख जाणून सांगणे, हे मनुष्याचे काम आहे.

परंतु सगळा भार ग्रंथपालावर टाकून गृहस्थाला मोकळे होता येणार नाही. श्रेष्ठ जसे वागतात तसे इतर वागतात, हे तिसऱ्या अध्यायातील तत्त्व घराला प्रथम लागू पडते. कारण मुलाच्या दृष्टीने आईबापच श्रेष्ठ. ज्या घरी वडीलधारी माणसे संध्याकाळी आपापल्या पडद्यात बुडालेली असतात, तेथे मुलाला ‘पुस्तक वाच’ म्हणणे हे वाचेचे श्रम होत. पूर्वी महाराष्ट्रातील घरांत चातुर्मासात पोथी लागे. एक वाची, बाकीचे ऐकत. निरक्षर आजीसुद्धा श्रवणाने बहुश्रुत होई. गीतेने स्वाध्यायाला वाणीचे तप म्हटले आहे, ते असे घरात, मोठ्याने, एकमेकांच्या संगतीत चालत असे. आजही रात्रीच्या जेवणानंतर एक घटका घरातील सर्वांनी एकत्र बसून काहीतरी वाचावे. पोथीच असली पाहिजे असे नाही, चरित्र असो, प्रवासवर्णन असो. शाळेत पालकसभेला गेल्यावर गुणांची चौकशी करून झाली की पाच मिनिटे ग्रंथालयातही जावे, आणि आपले मूल कोणते पुस्तक मागते, हे विचारावे. तो प्रश्न ऐकून ग्रंथपालाला जे बळ येईल, ते कोणत्याही परिपत्रकाने येणार नाही.

आणि त्या ग्रंथपालाने काय करावे? गीतेने सात्त्विक कर्त्याचे वर्णन केले आहे ते त्याने आपले करावे: आसक्ती नाही, मीपणा नाही, धैर्य आणि उत्साह आहे, आणि यशापयशाने मन डळमळत नाही. निकालात काढावयाच्या पुस्तकांची यादी करण्याची वेळ आली, तर रागाने नव्हे, विवेकाने करावी. खरोखर कालबाह्य झालेले जाऊ द्यावे, आणि राखण्याजोग्या पुस्तकांसाठी नम्रपणे, पुन्हा पुन्हा, रदबदली करावी. कपाटांची कुलपे काढावीत. हिरावलेल्या तासाबद्दल तक्रार अवश्य करावी, कारण अन्यायाविरुद्ध बोलणे हाही कर्तव्याचाच भाग आहे. पण मधल्या सुटीत दार उघडे ठेवावे. शंभर मुलांतून एक आले, तर नव्याण्णव आली नाहीत याचा संताप त्या एकावर काढू नये. त्याला बसावयास जागा द्यावी, काय आवडते ते विचारावे, आणि एक पुस्तक त्याच्या हाती ठेवावे. ते त्याने वाचले की नाही, हे दुसऱ्या दिवशी प्रेमाने विचारावे. वाचले नसेल तर दुसरे द्यावे.

अर्जुनाच्या रथावर श्रोता एकच होता. त्या एकाला सांगितलेले आज कोट्यवधी लोक ऐकत आहेत. ज्ञानयज्ञाला गर्दी लागत नाही. लागतो तो अग्नी विझू न देणारा एक ऋत्विज. शाळेच्या टोकाशी असलेल्या त्या खोलीत असा एक मनुष्य जागा राहिला, तर त्याच्या विषादाचाही योग झालाच म्हणून समजावे.